सुंदरबाईंचं नाक आणि रत्नाची ज्वारी

पिंप्राळ्यात आमच्या गल्लीत बिबड्यांसाठी ज्वारी भिजत घातली, की चौथ्या दिवशी सकाळी त्यातली मूठभर वाटीत घेऊन सुंदरबाईंच्या दारात जायचं, असा बारा वर्षांचा रिवाज आहे. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. ज्वारी तीन रात्री भिजवून आंबवायची, वाळवून भरडायची, तिचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या हातानं गच्चीवरच्या कापडावर थापायचा. यातलं बाकी सगळं कुणालाही जमतं. अवघड असतं ते आंबणं. एक रात्र कमी पडली तर बिबडे दडस होतात, एक रात्र जास्त झाली तर ज्वारी कुजते. ती नेमकी वेळ सुंदरबाई वास घेऊन सांगायच्या. वाटी नाकाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि एवढंच म्हणायचं, “आज काढ.” किंवा, “सकाय.” सकाय म्हणजे उद्या सकाळी.

नवरा गेल्यावर त्या सोनगीरहून मुलाकडे राहायला आल्या, तेव्हा गल्लीत त्यांना कुणी फारसं विचारत नव्हतं. बोलणं सगळं अहिराणी, आणि आवाज शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा. आल्याच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यांनी कपडे वाळत घालता घालता शेजारच्या गच्चीवरच्या रत्नाला सांगितलं, “तुनी ज्वारी आज काढी ले, नही ते वाया जाई.” रत्नानं ऐकलं. त्या वर्षी तिच्यासारखे बिबडे गल्लीत कुणाचेच झाले नाहीत. तेव्हापासून सुंदरबाई सगळ्या गल्लीच्या अक्का झाल्या.

गेल्या दिवाळीपासून त्यांचं नाक बंद राहू लागलं. तोंड उघडं टाकून श्वास घ्यायच्या, दोन वाक्यं बोलल्या की थांबायच्या. डॉक्टर म्हणाले, नाकात मांस वाढलंय, शिवाय हाडही वाकडं आहे, दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागेल. होळीच्या दहा-बारा दिवस आधी ते झालं. मुलगा योगेंद्र एमआयडीसीतल्या पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. कारखान्यात लावतात तशी त्यानं घरातही एक यादी टाइप करून फ्रिजवर चिकटवली. वाकायचं नाही. ओझं उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून शिंकायचं. चुलीजवळ, वाफेजवळ, धुरात जायचं नाही. तीन उश्या घेऊन झोपायचं. दोन वेळा नाक धुवायचं.

नाकातलं पॅकिंग काढून त्या घरी आल्या त्या दिवशी मी भेटायला गेले. नाकाखाली कापसाची जाड पट्टी, ती धरून ठेवायला दोन्ही गालांवर चिकटपट्ट्या, डोळ्यांखाली सूज. आवाज मडक्यात तोंड घालून बोलावं तसा.

“मास्तरीनबाई, या. देखा. योगेंद्रनी माले मिशी लायी दिधी.”

“दुखतंय का फार?”

“दुखस ते बरं. दुखनं माले समजस. पन हाई बठ्ठं डोकं असं भरेल शे, जसं कोनी कापूस दाबी दाबी पोतं भरं.”

तेवढ्यात त्यांना शिंक आली. साठ वर्षं तोंडावर पदर घेऊन शिंकलेली बाई. त्यांनी सवयीनं पदर उचलला, यादी आठवली, पदर सोडला आणि तोंड वासून अशी शिंक दिली, की स्वयंपाकघरातून सून नूतन धावत आली.

“आई, काय झालं?”

“काही नही. यादीमा लिखेल शे तसं करं.”

त्यानंतरचे आठ दिवस माणसांचे गेले. आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की भेटायला येणं आलंच, आणि येणारा प्रत्येक जण आपल्याबरोबर एक बिघडलेलं ऑपरेशन घेऊन येतो. कुणाच्या मेव्हण्याच्या नाकातून पुन्हा रक्त आलं होतं, कुणाच्या काकूंचं नाक बसलं होतं. सुंदरबाई तीन उश्यांना टेकून ऐकायच्या. वाकायला मनाई, बोललं की घसा कोरडा पडायचा, आणि ऐकून घ्यायला मनाई डॉक्टरांनी केली नव्हती.

सगळ्यांत जास्त दिवस राहिल्या त्या ताईबाई, सुंदरबाईंच्या वरणगावच्या नणंद. त्या येताना ओव्याची पुरचुंडी, गाईच्या तुपाची बाटली आणि मोहरीचं तेल घेऊन आल्या.

“ओवा तव्यावर गरम करून हुंगायचा. दोन दिवसात नाक मोकळं होईल बघा वहिनी.”

“आत्या, डॉक्टरांनी गरम काही नको सांगितलंय,” नूतन म्हणाली.

“मग तूप सोडू. तूप काही गरम नसतं.”

“तूपही नको.”

“मग करायचं तरी काय माणसानं?” ताईबाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही शिकलेल्या, तुम्हीच सांगा. आम्ही भावजयीसाठी एवढ्या लांबून यायचं आणि नुसतं बसायचं?”

“ताईबाई,” सुंदरबाई उशीवरून म्हणाल्या, “तुमी तूप पोयीवर टाका आन खा. मना नाकले जरा एकटं राहू द्या.”

ताईबाईंना राग आला नाही. त्या खरंच पोळीवर तूप घेऊन जेवल्या आणि चौथ्या दिवशी बाटली इथेच ठेवून गेल्या.

नाक धुण्याचं काम तर रोज दोन वेळा युद्धासारखं चालायचं. कोमट पाण्यात मिठाची पुडी मिसळायची, बाटलीचं तोंड एका नाकपुडीला लावून दाबायचं आणि पाणी दुसरीतून बाहेर येऊ द्यायचं. पहिल्यांदा नूतननं धरलं तेव्हा अर्धं पाणी घशात गेलं आणि उरलेलं नूतनच्या अंगावर.

“हाई काय नाक शे का मोरी शे?” त्या खोकत म्हणाल्या. “एक कडथीन टाकानं, दुसरी कडथीन काढानं.”

“आई, मान तिरपी. तोंडानं श्वास घ्या. ‘आ’ म्हणा.”

“मी दिवाळीफाईन आ च म्हनी राह्यनू.”

पण या सगळ्या कटकटींमागे एक गोष्ट होती, ती घरात कुणालाच माहीत नव्हती. मलाही ती योगायोगानंच कळली. ऑपरेशनला आठवडा झाला तेव्हा नाकातल्या खपल्या साफ करायला दवाखान्यात बोलावलं होतं. योगेंद्रची कारखान्यात पाळी होती, नूतनच्या मुलाची परीक्षा होती, म्हणून मी बरोबर गेले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून खपल्या काढल्या. सुंदरबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण त्या हूं की चूं करत नव्हत्या. काम संपल्यावर डॉक्टरांशी बोलायची म्हणून त्यांनी ठेवलेली शुद्ध मराठी काढली.

“डॉक्टरसाहेब, वास कधी येईल?”

“आजी, तुमचा वास तर दिवाळीपासूनच गेलेला होता ना? वाट पाहू. पुष्कळांना महिन्या-दीड महिन्यात येतो. काहींना थोडासाच येतो. काहींना नाही येत. आज मी काही सांगू शकत नाही.”

रिक्षात बसल्यावर त्यांनी डोळ्यांतलं पाणी पदरानं पुसलं. मग म्हणाल्या, “कोनलेच सांगानं नही.”

“अहो, यात लपवण्यासारखं काय आहे?”

“मास्तरीनबाई, माले ना वाचता येस, ना तुमच्यासारखं बोलता येस. गल्लीमा माले कोन कशासाठी इचारस, तुमले माहीत शे.”

मी गप्प बसले. ते चुकलंच माझं. पण त्यांच्या त्या सुजलेल्या तोंडाकडे पाहून मला पुढे बोलवेना.

मग मला एकेक गोष्ट दिसू लागली. एकदा गॅसवर दूध उतू जाऊन करपलं, सगळ्या जिन्यात वास पसरला, आणि सुंदरबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी शांतपणे तांदूळ निवडत बसलेल्या होत्या. शेव-भाजीचा रस्सा त्यांनी ताटात तसाच ठेवला. “भूक नही,” म्हणाल्या. भूक होती. चव नव्हती. होळीच्या संध्याकाळी धूर येऊ नये म्हणून नूतननं खिडक्या लावून घेतल्या, तर त्या काचेला नाक टेकवून उभ्या. मला बघून म्हणाल्या, “धूर ते धूर. निदान धूर तरी समजना पाहिजे.”

होळी झाली की आमच्याकडे गच्च्यांवर कापडं पडू लागतात. ऊन चाळिशीला टेकतं. आणि मग वाट्या येऊ लागल्या.

पहिली वाटी आणली रत्नानंच. रत्ना म्हणजे तीच, शेजारच्या गच्चीवरची. नवरा एसटीत, मोठी मुलगी लग्न होऊन धुळ्याला. तिच्या सासरी यंदा पहिल्यांदा बिबडे पाठवायचे होते, म्हणून रत्नानं नेहमीच्या दुप्पट, चांगली दहा किलो ज्वारी भिजत घातली होती. सकाळी आठला ती वाटी घेऊन आली. मी तिथेच चहा पीत होते.

“अक्का, तुमचं नाक बरं आहे ना आता? नाहीतर राहू द्या, मी बघेन अंदाजानं.”

“अंदाजानं?” सुंदरबाईंनी हात पुढे केला. “आन इकडे.”

नाकाखालची पट्टी निघालेली होती. त्यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले. नेहमी हे काम एका श्वासाचं असतं. त्या दिवशी त्यांनी चार वेळा हुंगलं. वर्गात उत्तर येत नसलेलं मूल पुस्तकाकडे जरा जास्तच लक्ष देऊन बघतं. मला ते तसं दिसलं. मी कप खाली ठेवला. सुंदरबाईंनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं आणि मी पुन्हा कप उचलला.

मग त्यांनी एक दाणा दाताखाली धरला, नखानं दाबून पाहिला.

“सकाय काढ. अजून एक रात राहू दे.”

“नक्की ना अक्का? ऊन फार आहे यंदा.”

“बारा वरीस झायात, आन आते माले नक्की इचारस का?”

रत्ना हसली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या पातेल्यावर फेस आला होता. मी गच्चीवर गेले तेव्हा ती चाळणीवर ज्वारी ओतून पाणी मारत होती, एकदा, दोनदा, चारदा. दाणे बुळबुळीत झाले होते, नुसते दाबले तरी फुटत होते. वास असा, की मी पदर नाकाला लावला.

“बाई, अक्कांना सांगू नका हं,” ती म्हणाली. “आधीच नाकाचा एवढा त्रास. माझंच काहीतरी चुकलं असेल. काल पाणी बदलायला उशीर झाला.”

“तुला काल सकाळी वास कसा आला होता?” मी विचारलं.

“मला आपलं वाटलं होतं, की झालीय. पण अक्का म्हणाल्या ना, अजून एक रात्र.”

तिनं ती ज्वारी गच्चीवर वाळत घातली, वास जाईल या आशेवर. तो गेला नाही. मग पोत्यात भरून जिन्याखाली ठेवली, रविवारी म्हशीवाला येतो त्याला द्यायला. मुलीला फोन करून सांगितलं की यंदा जरा उशीर होईल. गल्लीत चार घरांना ही गोष्ट कळली आणि चारही घरांनी ती सुंदरबाईंपासून लपवली. त्या आजारी आहेत, त्यांना कशाला ताप. आणि मी, जिला दोन्ही बाजू माहीत होत्या, दोन्ही बाजूंना गप्प राहायचा शब्द देऊन बसले होते. चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आले, की गप्प बसणं म्हणजेही एक उत्तरच असतं, आणि बहुतेक वेळा ते चुकीचं असतं. सांगणं सोपं असतं.

सुंदरबाई मात्र त्या दिवसांत जास्तच चिडचिड करू लागल्या. नाक सुकतंय. नाकात काहीतरी टोचतंय. तीन उश्यांनी मान धरली. नूतननं खिचडी फार पातळ केली. योगेंद्रनं यादीत एक ओळ वाढवली होती, ‘राग करायचा नाही’, ती त्यांनी नातवाकडून वाचून घेतली आणि फाडायला सांगितली. आणखी दोन वाट्या आल्या. त्यांनी दोघींना परत पाठवलं. “आज डोकं दुखस. तुमनं तुमी देखा.” त्या दोघी बिचकल्या. अक्का रागावल्या की काय, असं मला विचारायला आल्या.

शनिवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे होते. वर वाळत घातलेले पापड काढायला नूतन जात होती. डॉक्टरांनी आता जिना चढायला परवानगी दिली होती, म्हणून सुंदरबाई निघाल्या. मीही मागून गेले. सुंदरबाईंच्या आणि रत्नाच्या घरांचे जिने पाठीला पाठ लावून आहेत, मध्ये फक्त जाळीची भिंत. चौथ्या पायरीवर त्या थांबल्या.

“काय कुजनं व आठे?”

नूतन वर होती. मी खाली होते.

त्यांनी भिंतीच्या जाळीला तोंड लावलं. एक मोठा श्वास घेतला. मग दुसरा. तो आत जाताना अडखळला, पण गेला. त्यांचा चेहरा आधी कसनुसा झाला, घाणीनं होतो तसा, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तो कसनुसा होतोय.

“मास्तरीनबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “माले वास येस.”

“येतोय?”

“येस. थोडाच येस, पन येस.” त्यांनी कठडा धरला. डोळे भरले होते, आणि नाक शिंकरायची तर बंदी. तसंच वाहू दिलं. मग पुन्हा जाळीशी गेल्या, आणि या वेळी डोळे मिटून हुंगलं, एकाच श्वासात, पूर्वीसारखं. डोळे उघडले तेव्हा त्यात आनंद राहिला नव्हता.

“ज्वारी शे. जास्तीनी आंबेल ज्वारी. कोनी शे?”

मी सांगितलं. तेव्हा तरी मी सांगितलं.

त्या वर गेल्याच नाहीत. तशाच खाली उतरल्या, चप्पल न घालता रत्नाच्या दारात गेल्या आणि मी मागोमाग. रत्ना कणीक मळत होती.

“तुले वास येत नव्हता का?”

रत्ना माझ्याकडे बघू लागली.

“तिकडे नको देखू. माले सांग. त्या दिवशी सकायी तुले काय वाटनं व्हतं?”

“मला…” रत्नानं हात पुसले. “मला वाटलं होतं झालीय. पण अक्का, तुम्ही म्हणाल्या म्हणून…”

“मंग तुनं नाक काय भाड्यानं दिधेल व्हतं?”

सुंदरबाई तिच्या दाराच्या चौकटीला टेकल्या. त्यांना धाप लागली होती, जिन्यामुळे की कशामुळे कोण जाणे.

“माले दिवाळीफाईन वास येत नव्हता,” त्या म्हणाल्या. “काहीच नही. तुनी वाटी हुंगी, तवय बी नही. मी दाना चावा आन तोंडले उनं ते सांगं. तुनी दहा किलो ज्वारी मी नासी.”

रत्नानं परात बाजूला सारली.

“अक्का,” रत्ना म्हणाली, “सांगायचं ना मग. मी काय तुमच्याकडे नुसती नाकासाठी येते?”

“मंग कशासाठी येस?”

“सवय झाली म्हणून. तुम्ही वाटी घेता, दोन शिव्या देता, चहा देता. नूतनपेक्षा चांगला करता चहा.”

“नूतनला सांगू नको,” मी म्हणाले.

सुंदरबाईंना हसू आलं, पण नाक दुखलं, म्हणून त्यांनी ते अर्ध्यावर थांबवलं आणि हात नाकाजवळ नेऊन परत खाली घेतला. यादी पाठ होती.

रविवारी म्हशीवाला कुजलेली ज्वारी घेऊन गेला. सोमवारी सुंदरबाईंनी सोनगीरहून दिरानं पाठवलेल्या पोत्यातली ज्वारी काढायला लावली. रत्ना नको नको म्हणत होती. त्यांनी ऐकलं नाही. वाकायला मनाई, म्हणून स्वतः खुर्चीवर बसून नूतनकडून मोजून घेतली, चाळून घेतली, धुऊन घेतली. नूतनला ज्वारी चाळण्याचं इतकं शिक्षण आजवर कुणी दिलं नव्हतं. “खालथीन धर. खालथीन. हाई काय रांगोळीनी चाळनी शे का?” पाण्यात घालून पातेलं दोन्ही घरांच्या मधल्या जाळीशी ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी रत्ना वाटी घेऊन आली. मीही गेले होते, या वेळी चहासाठी नव्हे. सुंदरबाईंनी वाटी घेतली, नाकाशी नेली. नाक अजून पूर्ण उघडलेलं नाही. डाव्या बाजूनं थोडा वास येतो, उजवीकडून शिट्टीसारखा आवाज. डॉक्टर म्हणाले आहेत, अजून महिनाभर धुवायचंय. त्यांनी हुंगलं, आणि काही न बोलता वाटी रत्नाच्या हातात परत दिली.

“पहिले तू सांग.”

“मी?”

“तुले नाक शे ना?”

रत्नानं वाटी नाकाशी नेली. डोळे मिटले नाहीत, लाजली असावी. एक श्वास घेतला.

“आज,” ती म्हणाली. मग सुंदरबाईंकडे बघून, “आजच ना अक्का?”

सुंदरबाईंनी हात पुढे केला. पुन्हा वाटी घेतली, डावी नाकपुडी जरा वर करून एकदा हुंगलं, एक दाणा तोंडात टाकला.

“मालेबी तेच वाटस,” त्या म्हणाल्या. “आते जाय. ऊन चढी राह्यनं. आन घाटा करशी तवय माले धाड वाटीभर, तेल टाकीसन. गरम नको, यादीमा वाफले बंदी शे.”